ती प्रार्थना नव्हती

ऑकलंडच्या हेन्डरसन भागातल्या माझ्या घरमालकांनी मला फसवलं. वीस वर्षं फसवलं. बंद पडलेल्या डेअरीतल्या, म्हणजे इकडच्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, फ्रीजवर हात ठेवून त्याचा कॉम्प्रेसर अजून किती हिवाळे काढेल ते सांगणारा माणूस मी, आणि मला ते ओळखता आलं नाही. त्यांच्या खोट्यावर मी एक लढाई उभी केली, लढलो आणि जिंकलो. जिंकल्याचा आनंद मी कुणाला परत देणार नाही. पण फसवलं ते फसवलंच.

मी पिंपरीहून दोन बॅगा घेऊन ऑकलंडला आलो तेव्हा पेनरोजच्या एका शेडमध्ये मला पॅकिंगचं काम मिळालं. चर्चचे आणि रग्बी क्लबांचे बिघडलेले ॲम्प्लिफायर तिथे दुरुस्तीला यायचे. दुरुस्त करणारे होते काका. अंगाने काटकुळे, डोक्यावर पांढरं जंगल, पायात भर हिवाळ्यात जँडल, म्हणजे रबरी चपला. मेलेला ॲम्प्लिफायर चालू झाला की ते त्याला हळूच "किया ओरा", माओरीतला नमस्कार, म्हणायचे. माणसांना तेवढंही म्हणायचे नाहीत. मी मराठी आहे हे कळायला त्यांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या हेन्डरसनच्या घरामागची खोली दाखवली.

मी अर्थातच घासाघीस सुरू केली. खोली गार आहे, खिडकी लागत नाही, बाथरूम लांब आहे. ते ऐकत उभे राहिले. हातात एक छोटा रेकॉर्डर होता तो मला दिसला नाही. दुसऱ्या दिवशी चहाला बोलावलं आणि मशीन लावलं. विहिरीत पडलेला म्हातारा रेडा रडावा तसा आवाज खोलीभर पसरला.

"काका, हे काय आहे?"

"तू. भाडं कमी करा म्हणतोयस. वेग निम्म्याने उतरवलाय." त्यांनी डोळे मिटले. "घाईत ऐकलं तर नुसती बोंबाबोंब. सावकाश ऐक. खाली दुःख आहे बघ."

"दुःख नाहीये. भाडं जास्त आहे."

"अरे, तेच दुःख."

पण भाडं कमी केलं. मला वाटलं, गिऱ्हाईक सोपं आहे.

त्या खोलीत मी तीन वर्षं काढली. घराचे नियम मोठ्या तिरक्या इंग्रजी अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवलेले होते. कपडे धुण्याचं मशीन काका घरी असताना लावायचं नाही, कारण ते बेताल फिरतं. फ्रीजचं दार आपटायचं नाही, कारण ते टेपवर येतं. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की कोणी बोलायचं नाही. मी सगळे नियम मोडले. प्रत्येक वेळी भांडण झालं, आणि प्रत्येक भांडण त्यांनी रेकॉर्ड केलं. संध्याकाळी गॅरेजमध्ये बसवून ते मला माझाच आवाज निम्म्या वेगाने ऐकवायचे आणि विचारायचे, "सांग, हा कुठला शब्द?" सुरुवातीला मला काही कळायचं नाही. वर्षभरात असा कान तयार झाला की कितीही संथ केलेलं मराठी मी लिहून देऊ शकलो असतो. म्हटलं तर निरुपयोगी विद्या. तशी ती ठरली नाही.

काका एका इंग्रजी बँडमध्ये होते हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाला खरं वाटायचं नाही. मला त्यांनी ती कथा तुकड्यातुकड्यांत सांगितली, कधी सोल्डरिंग करताना, कधी कपबशी विसळताना. रेकॉर्ड मात्र कधी ऐकवली नाही.

पुण्यात रेडिओ दुरुस्त करता करता ते एका इंग्रज कंपनीच्या नजरेत आले आणि चोविसाव्या वर्षी इंग्लंडच्या एका बंदराच्या गावी पोचले. भाड्याने घेतलेल्या तळघराच्या वरच्या मजल्यावर दोन इंग्रज पोरं राहायची, एक ताडमाड उंच, एक जाड चष्म्याचा. उंच ड्रम वाजवायचा. चष्मेवाला गायचा आणि जुन्या रेकॉर्डी कापून जोडायचा. तिघांनी मिळून पहिली रेकॉर्ड त्या तळघरात केली. ढोल इतका संथ की दोन ठोक्यांमध्ये माणूस चहा ओतून घेईल, खाली यंत्रांची घरघर, आणि मधोमध एका बाईचा लांबच लांब ओढलेला आवाज. त्या काळात तिकडे तसल्या संगीताची लाट होती. रेकॉर्ड दुकानांच्या खिडक्यांत लागली, सिनेमांत आली, मोटारीच्या जाहिरातीत आली. पेपरवाल्यांनी लिहिलं की हे पावसात एकट्या बसलेल्या माणसाचं संगीत आहे.

"मग तुम्ही स्टेजवर?"

"मी पडद्यामागे. टेप मी चालवायचो. लोकांसमोर उभं राहायला मला काय झालंय?"

दुसरी रेकॉर्ड आणखी काळोखी निघाली, जाणकारांनी डोक्यावर घेतली. तिसरीच्या आधी काका बाहेर पडले. तिसरी आपटली. ते दोघे एकमेकांशी भांडून वेगळे झाले, आणि कित्येक वर्षं बँडचं कोणी नाव काढलं नाही. काकांची बायको नर्स होती. तिला इथे काम मिळालं म्हणून ते ऑकलंडला आले. ती गेली, ते राहिले.

"का सोडलात बँड?" मी विचारायचो.

"त्या दोघांनी एक नाव खाल्लं."

"तुमचं?"

"माझं नाही."

"मग कुणाचं?"

इथे कप विसळायला घेतला जायचा. कप आधीच स्वच्छ असला तरी.

पुढे मी जुन्या डेअऱ्यांचे फ्रीज, रॅक, गल्ले विकत घेऊन विकायचा धंदा काढला. कोणी दुकान बंद करतोय, कोणी नवीन काढतोय, आणि मी मध्ये उभा. लग्न झालं, मुलगी झाली, हॅमिल्टन शहराच्या रोटोटुना भागात घर घेतलं. काका सणावाराला यायचे, माझ्या गोदामात फिरून फ्रीजांची घरघर रेकॉर्ड करायचे आणि माझ्या धंद्याचं कौतुक करायचे. "जुनं घेऊन नवं द्यायचं, हा जगातला सगळ्यात इमानी धंदा," असं म्हणायचे. माझी छाती फुगायची. हे वाक्य लक्षात ठेवा.

माझं ब्लडप्रेशर वाढलं म्हणून बायकोने मला रोटोटुनाच्या कम्युनिटी हॉलमधल्या योगाच्या क्लासला घातलं आणि स्वतःही शेजारी चटई टाकली. चटईवर आडवं पडायचं, डोळे मिटायचे. गोरी शिक्षिका कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "आता आपण एक प्राचीन भारतीय प्रार्थना ऐकणार आहोत. आवाज शरीरात उतरू द्या." ढोल सुरू झाला. चहा ओतण्याइतक्या अंतराने ठोका. मग बाईचा आवाज आला, लांब, खोल, लाटेसारखा. माझ्या बाजूची आजी चक्क रडायला लागली.

माझा कान आपोआप कामाला लागला. ती बाई म्हणत होती: "पदर विरलाय, काठ फाटलाय, आन् पातेलं मागताय? वाटी घ्या, वाटी!"

मी हसलो. आवरता येईना. बायकोने कोपर मारलं, शिक्षिकेने डोळे उघडले, आणि मी चटईवर उताणा पडून पोट धरून हसत होतो. ती प्रार्थना नव्हती. ती बोहारीण होती. जुन्या साड्या घेऊन नवी भांडी देणारी, दारात बसून गिऱ्हाइकाच्या लुगड्याची लक्तरं काढणारी पुण्याची बोहारीण. माझ्या आईशी हुज्जत घालणाऱ्या अशा बायका मी लहानपणी रोज ऐकल्या होत्या. अर्धा धंदा मी त्यांच्याकडून शिकलो.

क्लास संपल्यावर शिक्षिकेला बँडचं नाव विचारलं. काकांचाच बँड. घाम न पुसता गाडी काढली, बायकोला घरी सोडलं आणि सरळ हेन्डरसन गाठलं.

"काका, ती बोहारीण कोण?"

ते गॅरेजमध्ये होते. हातातला स्क्रूड्रायव्हर त्यांनी अगदी सावकाश खाली ठेवला.

"तुला कळलं?"

"तुम्हीच कान तयार केलात. कोण ती?"

"आई," ते म्हणाले. "माझी आई. द्रौपदाबाई."

इंग्लंडला निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आईचा आवाज भरून घ्यायचं ठरवलं. आईने धंदा बंद ठेवला नाही. म्हणाली, आवाज हवा तर टोपली उचल आणि मागे ये. एका खांद्यावर भांड्यांची टोपली आणि दुसऱ्या हातात टेपरेकॉर्डर घेऊन ते पेठेतल्या जिन्याजिन्यांवर तिच्यामागे फिरले. तिकडे गेल्यावर तळघरात एक दिवस बॅटरी उतरलेली, टेप संथ फिरत होती, तेव्हा उंच इंग्रज जिना उतरून आला आणि दारातच थबकला.

"त्यानेच ठरवलं, ही प्रार्थना आहे," काका म्हणाले. "मी सांगत होतो. कोणी ऐकलं नाही. रेकॉर्डवर छापलं, देवळातली प्रार्थना, गायिका अज्ञात. तेच ते नाव. चार वर्षांनी आई गेली. तिला माहीतही नव्हतं."

मी तापलो. इतका तापलो की गॅरेजचं दार आपटलं, आणि काकांनी पहिल्यांदाच ते रेकॉर्ड केलं नाही.

नशीब बघा, त्याच सुमारास तो बँड पुन्हा उभा राहत होता. नव्या पिढीला जुनी रेकॉर्ड सापडली होती, दोघांनी भांडण मिटवलं होतं, पहिली रेकॉर्ड पुन्हा निघणार होती आणि दौऱ्यात ऑकलंड होतं. रेकॉर्ड काढणारी कंपनी काकांना महिनाभर ईमेल पाठवत होती. त्यांच्याकडची टेप त्या आवाजाच्या जागी खराब झाली होती, त्यांना काकांकडची मूळ कॅसेट हवी होती. काकांनी एकही ईमेल उघडला नव्हता; ते सगळे मी उघडले.

"आता बोलणं मी करणार," मी म्हटलं.

"नको रे. जाऊ दे."

"काका, माल आपल्या हातात आहे. माल हातात असताना कोणी जाऊ दे म्हणतं का?"

व्हिडिओ कॉल माझ्या स्वयंपाकघरातून झाला. काका माझ्या शेजारी, समोर कॅसेट. पलीकडे लंडनहून कंपनीच्या बाई, आणि कोपऱ्यातल्या खिडकीत तो उंच इंग्रज, आता म्हातारा, टक्कल पडलेला. बाईंनी आधी एक आकडा सांगितला. मी म्हटलं, आकड्याला नाव नसतं, आम्हाला नाव हवंय. तीन अटी. एक, कव्हरवर छापायचं: आवाज, द्रौपदाबाई, बोहारीण, पुणे. दोन, प्रार्थना हा शब्द कायमचा काढायचा. तीन, ऑकलंडच्या स्टेजवर तो आवाज आधी खऱ्या वेगाने लावायचा, मग काय ते तुमचं संगीत.

काकांनी माझी बाही ओढली. मराठीत पुटपुटले, "नाव पुरे. धंदा कशाला लिहायचा?"

"काका, तुम्ही गप्प बसा."

बाई म्हणाल्या, "आमच्याकडे मूळ कागद आहेत. त्यांत गायिका अज्ञात असं स्पष्ट लिहिलंय."

"मग तो कागद चोरीचा पुरावा आहे!" मी टेबलावर हात आपटला. कॅसेट उडाली, काकांनी झेलली. "आई बाजूला ठेवून देवी उभी केलीत तुम्ही! विचारा तुमच्या त्या उंच माणसाला!"

उंच माणूस माझ्याकडे बघत नव्हता. तो काकांकडे बघत होता, आणि काका कॅसेटकडे. मग तो एवढंच म्हणाला, "तो मागतोय ते सगळं द्या."

मी मुठी वळल्या. इतकी मोठी हार मी कुणाच्या तोंडून इतक्या लवकर कधी ऐकली नव्हती. बाईंनी कॉल बंद केल्यावर मी स्वयंपाकघरात नाचलो. मुलगी म्हणाली, "बाबा, डिड वी विन?" मी म्हटलं, "हीप्स! ढिगाने!"

कार्यक्रमाला मी हेन्डरसनचे, पेनरोजचे, रोटोटुनाचे, जिथे जिथे मराठी माणूस माहीत होता तिथले सगळे फोन करकरून गोळा केले. नाटकगृहाच्या मधल्या तीन रांगा आमच्या. दिवे गेले. मागच्या पडद्यावर देवनागरीत अक्षरं उमटली, पुरुषभर उंचीची. ऱ्हस्वदीर्घ मी तीनदा तपासून घेतलं होतं.

आवाज : द्रौपदाबाई, बोहारीण, पुणे.

खाली तेच इंग्रजीत. मग टेपवरून द्रौपदाबाई आल्या. खऱ्या वेगाने, खणखणीत, भांड्यावर भांडं आपटल्यासारख्या. "या हो बाई, दावा काय हाय ते. हे? ह्याला लुगडं म्हनायचं? पदर विरलाय, काठ फाटलाय, आन् पातेलं मागताय? वाटी घ्या, वाटी!"

आमच्या तीन रांगा फुटल्या. गोरी माणसं माना वळवून बघायला लागली, आणि हसणं असं आहे की भाषा लागत नाही, तेही हसायला लागले. कोणीतरी मागून ओरडलं, "वाटीवर चमचा तरी द्या, मावशी!" आणि टेपवरच्या बाई, जशा काही ऐकूनच, म्हणाल्या, "चमचा-बिमचा काय बी मिळायचा न्हाई!" नाटकगृह कोसळलं. माझी मुलगी खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, "शी इज ऑसम! बाबा, शी इज लाइक यू!"

मग तोच आवाज हळूहळू उतरत गेला. हसणं विरलं. वाटी हा शब्द लांबत लांबत समुद्राएवढा झाला, आणि त्याखाली उंच म्हाताऱ्याने पहिला ठोका दिला. आता प्रत्येकाला माहीत होतं ती काय म्हणतेय, आणि तरी अंगावर काटा आला. जास्तच आला. टेप चालवणारा माणूस पडद्यामागे होता. शेवटी त्या दोघांनी आत जाऊन त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. काका, जँडल घालून, हजारो टाळ्यांसमोर, हात कुठे ठेवावे ते न कळून. एवढ्या वर्षांच्या व्यवहारात असा सौदा मी दुसरा केला नाही. करणारही नाही.

कार्यक्रमानंतर लॉबीत तो उंच म्हातारा माझ्याकडे हात पुढे करत आला. मी हात घेतला नाही. सगळ्यांदेखत म्हटलं, "इतकी वर्षं एका बाईचं नाव पचवलंत. आज ओकावं लागलं, त्यात उपकार काय?"

त्याचा चेहरा उतरला नाही, फक्त थकला. त्याने मला बाजूला नेलं आणि फोनवर एक फोटो दाखवला. जुना पिवळा कागद. रेकॉर्डची माहिती भरायचा फॉर्म. देवळातली प्रार्थना, गायिका अज्ञात. मोठी, तिरकी अक्षरं. तीन वर्षं मी त्याच अक्षरांखाली कपडे धुतले होते.

"ही प्रार्थना आहे का, असं मी त्याला विचारलं, हे खरं," तो म्हणाला. "तो हो म्हणाला. महिन्याभराने खरं सांगितलं, आणि वर शब्द घेतला की कुणाला कळू द्यायचं नाही, आई काय काम करते ते. आम्ही शब्द दिला. पुढे एका पत्रकाराला संशय आला, त्याने लिहिलं की आम्ही गरीब गायिकेचं नाव चोरलं. आमचा गाणारा मित्र म्हणाला, आता सांगून टाकू. मी म्हटलं, शब्द दिलाय. त्यावरून आम्ही वेगळे झालो."

"आणि तुम्ही एवढी वर्षं गप्प?"

"तुम्ही कॉलवर त्याला शेजारी घेऊन बसला होतात. त्याच्यासमोर मी काय बोलणार?"

मी त्या माणसाची माफी मागितली. माझ्या आयुष्यात अशा माफ्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेन्डरसनला गेलो. काका कप विसळत होते.

"फॉर्म कुणी भरला, काका?"

पाणी वाहत राहिलं. "तू जिंकलास ना? मग?"

"कुणाविरुद्ध जिंकलो?"

त्यांनी नळ बंद केला. "चोवीस वर्षांचा होतो रे. पियानो असलेल्या घरांतली माणसं सगळी. प्रार्थना म्हटलं की ते गप्प व्हायचे. बोहारीण म्हटलं असतं तर हसले असते."

"काल हसलेच की! ऐकलंत ना, कसे हसले ते?"

त्यांनी पुन्हा नळ सोडला. तेव्हापासून हेच. मी गेलो की चहा मिळतो, उत्तर मिळत नाही.

म्हणून हे लिहून काढलं. काका, तुम्ही मराठी वाचता, मी स्वतः हे तुमच्या टेबलावर आणून ठेवणार आहे. माझा धंदा तुमच्या आईचाच धंदा आहे. जगातला सगळ्यात इमानी धंदा, हे मला माझ्याच गोदामात उभं राहून तुम्ही सांगितलंत. ते खरं होतं की तुम्हाला माझीही लाज वाटत होती? हे एक. तुमच्या शब्दाखातर चोर म्हणवून घेतलेली दोन माणसं माझ्या तोंडून शिव्या खात होती तेव्हा तुम्ही कॅसेट कुरवाळत का बसलात? हे दुसरं. द्रौपदाबाईंचं नाव मी लावून घेतलं, ते माझं काम झालं. त्या दोघांचं नाव धुवायचं काम तुमचं आहे. दौऱ्यातला नंबर माझ्याकडे आहे. रविवारी मी येतो, फोन मी लावून देतो. बोलायचं तुम्ही, आणि माझ्यासमोर.